बर्फाला धरणारीं चाकें

बर्फ म्हटलें कीं निसरडेपणा, हें समीकरण मनुष्याच्या मनांत इतकें पक्कें बसलेलें आहे कीं बर्फावर मोटारसायकलींची शर्यत होते असें ऐकतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. गाड्या घसरत आहेत, स्वार पडत आहेत, आणि जो सर्वांत कमी घसरला तो विजयी ठरत आहे. पावसाळ्यांत शेवाळलेल्या अंगणांतून पाण्याची कळशी सांभाळीत जाणाऱ्या माणसासारखे हे स्वारही जपून, तोल सावरीत जात असतील, अशी कल्पना होते. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. उत्तर युरोपांत व रशियांत लोकप्रिय असलेल्या या शर्यतींत घसरणें जवळजवळ नसतेंच. तेथील गाडी वळणावर कोरड्या डांबरी रस्त्यावरील गाडीपेक्षांही अधिक घट्टपणें भूमीला धरून असते. या खेळांतील सारें कौशल्य, सारा वेग आणि सारा धोकाही या घट्ट पकडींतूनच उत्पन्न होतो. ही पकड येते कोठून, तिच्यासाठीं स्पर्धकाला काय करावें लागतें आणि काय पत्करावें लागतें, हें समजून घेण्याजोगें आहे.

हॉलंडमधील हेरेनफेन आणि बव्हेरियांतील पर्वतांच्या पायथ्याशीं असलेलें इन्त्सेल हीं गांवें मुळांत स्केटिंगसाठीं प्रसिद्ध आहेत. तेथें छपराखालीं, कृत्रिम रीतीनें गोठविलेल्या बर्फाची चारशें मीटर लांबीची धांवपट्टी आहे. हिवाळाभर तिच्यावर पोलादी पात्यांचे जोडे घातलेले स्केटिंगपटू धांवतात. त्यांचा हंगाम सरत आला, मार्च महिना उलटूं लागला, कीं तीच धांवपट्टी मोटारसायकलवाल्यांच्या हवालीं होते. हा क्रम उगीच ठरलेला नाहीं. मोटारसायकलींची एक संध्याकाळ होऊन गेली म्हणजे आरशासारखा गुळगुळीत असलेला तो बर्फ नांगरलेल्या शेतासारखा दिसूं लागतो. स्वीडन, फिनलंड, रशिया इत्यादि अधिक थंड देशांत मात्र उघड्या मैदानांत पाणी पसरून, नैसर्गिक थंडीनें गोठविलेल्या बर्फावरही या शर्यती भर हिवाळ्यांत होतात.

शर्यतीची रीत थोडक्यांत अशी. एका वेळीं चार स्वार आरंभरेषेवर उभे राहतात. लाल, निळा, पांढरा व पिवळा अशा चार रंगांच्या आवरणांमुळें त्यांचीं शिरस्त्राणें दुरूनही ओळखूं येतात. त्यांच्यापुढें आडवी फीत ताणलेली असते. पंचानें कळ दाबतांच ती झटक्यासरशी वर उडते आणि चौघेही एकदम सुटतात. फीत उडण्यापूर्वीं जो तिला स्पर्श करील तो बाद होतो. घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें, म्हणजे सदैव डावीकडे वळत, चार फेरे पुरे करावयाचे असतात. धांवपट्टीची लांबी ठिकठिकाणीं २६० पासून ४२५ मीटरपर्यंत असते. त्यामुळें सारी शर्यत सुमारें एका मिनिटांत आटोपते. पहिल्यास ३, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १ आणि चौथ्यास ० असे गुण मिळतात. दोन्ही चाकें आंतल्या सीमारेषेपलीकडे गेलीं तर स्वार बाद; आणि कोणी पडल्यामुळें शर्यत थांबवावी लागली, तर ज्याच्यामुळें ती थांबली त्याला वगळून उरलेल्यांची शर्यत पुन्हां घेतात.

अशा शर्यतींचा पूर्ण सामना सोळा स्वारांचा असतो व त्यांत वीस शर्यती होतात. या आंकड्यांत एक मौज आहे. सोळा जणांतून दोघादोघांच्या जोड्या केल्या तर त्या १२० भरतात. एका शर्यतींत चार जण असल्यामुळें तींत सहा जोड्यांची गांठ पडते; वीस शर्यतींत अर्थातच १२० गांठी. वेळापत्रक अशा खुबीनें मांडलेलें असतें कीं प्रत्येक स्वार पांच वेळां धांवतो आणि उरलेल्या पंधरा जणांपैकीं प्रत्येकाशीं त्याची नेमकी एकदांच गांठ पडते. त्यामुळें आपल्या वांट्याला कठीण प्रतिस्पर्धी आले आणि दुसऱ्याला सोपे मिळाले, अशी तक्रार करण्यास कोणालाही जागा राहत नाहीं. कांहीं स्पर्धांत या वीस शर्यतींवर उपांत्य व अंतिम शर्यतीही जोडतात. पण मूळ सांचा हाच. त्याचा दुसरा अर्थही ध्यानांत घेतला पाहिजे. स्पर्धकाच्या हातीं साऱ्या संध्याकाळींत मिळून पांच मिनिटें येतात. पांचपैकीं एक आरंभ जरी फसला, तरी १५ पैकीं दोन-तीन गुण गेलेच, आणि त्यांबरोबर बहुधा विजयही.

आतां गाडीकडे वळावें. एकाच सिलिंडरचें, ५०० घन सेंटिमीटरचें एंजिन, दोनच गिअर, लहानशी टांकी, आणि ब्रेक मुळींच नाहीं. इंधन पेट्रोल नव्हे, तर मिथेनॉल हा मद्यार्क. त्याची वाफ होतांना पुष्कळ उष्णता शोषली जाते, त्यामुळें फार दाबाखालीं चालणारें एंजिनही आंतून थंड राहतें. झेकोस्लोव्हाकियांतील दिविशोव गांवीं एसो नांवाचा कारखाना शर्यतीच्या अशा गाड्या तयार करीत असे. तो पुढें जावा कंपनींत विलीन झाला, आणि ‘जावा’ हें नांव या खेळांत दीर्घकाळ सर्वतोमुखीं राहिलें. भारतीय वाचकांसही तें नवखें नाहीं; १९६० नंतरच्या दशकांत म्हैसूरच्या कारखान्यांत तयार झालेल्या जावा गाड्या आपल्याकडील रस्त्यांवरही दिसत. बर्फावरील जावा ही त्या संसारी गाडीची फार तापट अशी बहीण म्हणावी.

ब्रेक नसणें हा प्रथमदर्शनीं वेडेपणा वाटतो. पण त्यांत शहाणपण आहे. चौघे स्वार एकमेकांपासून हातभर अंतरावर धांवत असतां पुढच्यानें एकाएकीं ब्रेक दाबला, तर मागच्याचें चाक त्याच्या पाठीवर चढलेंच म्हणून समजावें. ब्रेकच नसला म्हणजे वेग कमी करण्याचा मार्ग सर्वांना एकच उरतो. मूठ सैल सोडावयाची आणि एंजिनाच्या ओढीनें गाडी मंद होऊं द्यावयाची. हें मंदावणें सर्वांचें जवळजवळ सारखें असतें, म्हणून मागच्याला पुढच्याचा अंदाज बांधतां येतो. जेथें प्रत्येक जण दुसऱ्याच्या विश्वासावर धांवत आहे, तेथें एकाला अधिक सुरक्षित करणारें साधन सर्वांना असुरक्षित करतें, हें या खेळानें फार पूर्वीं ओळखलें.

परंतु या गाडीचें खरें रहस्य तिच्या टायरांत आहे. टायरांना नेहमींची नक्षी नसते. त्यांत अणकुचीदार पोलादी खिळे आटे पिळून बसविलेले असतात. पुढच्या चाकांत सुमारें ९०, आणि मागच्या चाकांत २०० पासून ५०० पर्यंत. खिळ्याची लांबी ३० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे बोटाच्या पेराहून थोडी अधिक असते. गाडी फक्त डावीकडेच वळावयाची असल्यामुळें खिळ्यांचा भर टायरच्या डाव्या अंगाला अधिक. हे खिळे बसविणें आणि त्यांची धार राखणें हें हाताचें व चिकाटीचें काम आहे. पंख्याची धूळ पुसावी तसें तें उरकतां येत नाहीं. एखादा खिळा बोथट राहिला तर फारसें बिघडत नाहीं. वीस बोथट राहिले तर वळणाच्या ऐन मध्यावर त्यांची आठवण होते. प्रेक्षकांना दिसणाऱ्या एका मिनिटाच्या मागें न दिसणारे असे कित्येक तास असतात.

खिळा नेमकें काय करतो हें कळण्यासाठीं बर्फ निसरडा कां असतो हें आधीं पाहिलें पाहिजे. मायकेल फॅरडे यांनीं १८५० मध्यें असें मत मांडलें कीं बर्फाच्या पृष्ठभागावर, तो गोठलेला असतांनाही, पाण्यासारखा एक अत्यंत पातळ थर असतो. मागाहून कित्येक वर्षें शालेय पुस्तकांत असें शिकविलें जाई कीं वरून पडणाऱ्या दाबानें बर्फ वितळतो आणि म्हणून पाय घसरतो. पण हिशेब करून पाहिला तर मनुष्याच्या वजनाचा दाब कडाक्याच्या थंडींत बर्फ वितळविण्यास अगदींच अपुरा ठरतो. अलीकडील प्रयोगांनीं फॅरडे यांच्या पातळ थराच्या कल्पनेलाच पुष्टि दिली आहे. घासण्यानें उत्पन्न होणारी उष्णता त्या थरांत आणखी भर घालते. रबराचा साधा टायर या थरावर टेकतो, आणि तेथेंच त्याचें बळ संपतें. खिळा त्या थरावर टेकून राहत नाहीं. तो त्याला भेदून खालच्या घन बर्फांत रुततो. मग प्रश्न घर्षणाचा उरत नाहीं. भिंतींत ठोकलेल्या खुंटीसारखी स्थिति होते. गाडी बाजूला सरकावयाची असेल तर आधीं बर्फच तुटावा लागतो.

यामुळें किती फरक पडतो हें एका सोप्या हिशेबानें कळतें. स्केटिंगच्या धांवपट्टीचें वळण आंतल्या कडेला सुमारें २५ मीटर त्रिज्येचें असतें. मोटारसायकलस्वार त्याहून जरा बाहेरून जातो; त्याच्या वाटेची त्रिज्या ३० मीटर धरावी. साध्या रबराचें बर्फाशीं घर्षण वजनाच्या सुमारें दशांश भरतें. तेवढ्या आधारावर या वळणावरून ताशीं २० किलोमीटरांपेक्षां अधिक वेगानें जातां येणार नाहीं. चांगला सायकलस्वारही त्याहून जलद जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर हें घर्षण जवळजवळ वजनाइतकें असतें. तेथें तोच वेग सुमारें ६० किलोमीटर होतो. आणि खिळ्यांच्या टायरांवर बसलेला स्वार तेंच वळण ताशीं ९० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगानें काढतो. सरळ पट्टीवर तर त्याचा वेग १३० च्या घरांत जातो. ताशीं ९० च्या वेगाला त्याला वळणाच्या केंद्राकडे ओढून धरणारी प्रेरणा त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक लागते. ती खिळ्यांनीं पुरवावयाची, आणि तोल राखण्यासाठीं स्वारानें गाडीसह आंत झुकावयाचें. हा झुकाव उभ्या रेषेपासून जवळजवळ ६५ अंश येतो, म्हणजे गाडी व बर्फ यांमध्यें अवघ्या २५ अंशांचा कोन उरतो. जत्रेंतील ‘मौत का कुआं’मध्यें उभ्या भिंतीवर आडवी फिरणारी फटफटी ज्यांनीं पाहिली असेल त्यांना या दृश्याची कल्पना करतां येईल. फरक इतकाच कीं तेथें आधाराला भिंत असते. येथें चाकांखालीं सपाट बर्फ असतो.

याच कारणामुळें बर्फावरील स्वाराची रीत मातीच्या धांवपट्टीवरील स्वाराहून सर्वस्वीं निराळी झाली आहे. मातीवरील शर्यती १९२० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियांत रूढ झाल्या व तेथून इंग्लंडांत पसरल्या. त्यांत स्वार मागचें चाक मुद्दाम घसरवितो, पुढचें चाक उलट बाजूस वळवितो, आणि डावा पाय जमिनीला टेकून वळण काढतो. बर्फावर कोणी असें करूं गेल्यास खिळे अडकून गाडी त्याला भिरकावून देईल. येथें दोन्ही चाकांनीं आपली वाट सोडतां कामा नये. वळणांत शिरतांना स्वार गाडी एका हिसक्यानें डावीकडे पाडतो. ‘पाडतो’ हाच शब्द योग्य आहे, कारण प्रथम पाहणाऱ्याला ती पडलीच असें वाटतें. हँडलचें डावें टोंक बर्फाला घासूं लागतें. डावा गुडघा बर्फावर टेकतो. त्याला जुन्या टायरचे तुकडे बांधून चिलखत केलेलें असतें. आणि अशा स्थितींत, दुपटीहून जड भासणारें स्वतःचें शरीर हातांवर व मांड्यांवर पेलीत, त्याला मूठ पिळलेलीच ठेवावयाची असते.

नवशिक्याची परीक्षा येथेंच होते. गाडी इतकी झुकलेली पाहून त्याचें मन म्हणतें, वेग कमी कर. तो मूठ सैल सोडतो आणि त्याच क्षणीं आंतल्या बाजूला कोसळतो. कारण उघड आहे. झुकाव आणि वेग यांचें वजनकांट्यासारखें नातें असतें. वेगाचें पारडें एकाएकीं हलकें केलें तर झुकावाचें पारडें खालीं जाणारच. म्हणून शिकणाऱ्याला प्रथम सांगावें लागतें तें हें कीं, भीति वाटेल त्या जागीं मूठ सोडूं नकोस. सोडावयाची तर वळणापूर्वीं सोड. निर्णय वळणाच्या आधीं घ्यावयाचा आणि वळणांत तो पाळावयाचा. धाडस म्हणून जें बाहेरून दिसतें, त्याचा मोठा भाग म्हणजे योग्य वेळीं घेतलेला आणि मध्येंच न बदललेला निर्णय होय.

शिवाय ज्या भूमीशीं हा व्यवहार चालतो ती भूमि स्थिर नाहीं. शेंकडों खिळे प्रत्येक फेऱ्यांत बर्फ उकरीत जातात. आंतल्या वाटेवर, जेथून बहुतेक जण जातात, चर पडूं लागतात. बर्फाचा चुरा उडून बाहेरच्या कडेला साचतो. बर्फ फार थंड असला म्हणजे कठीण व ठिसूळ असतो, खिळ्याखालीं त्याचे टवके उडतात. ऊब लागली म्हणजे तो मऊ पडतो आणि चर खोल होतात. मधूनमधून यंत्रानें धांवपट्टी खरवडून व पाणी शिंपून ती पुन्हां सारखी करतात. तरी पहिल्या शर्यतीचा बर्फ विसाव्या शर्यतीला सांपडत नाहीं. त्यामुळें अनुभवी स्पर्धक दुसऱ्यांच्या शर्यती चालू असतां निवांत बसत नाहीं. कोणत्या वळणावर कोणाचें चाक उसळलें, कोठें वाट अजून शाबूत आहे, हें तो पाहत असतो. ज्या वाटेनें तो पहिली शर्यत जिंकला त्याच वाटेवर चौथ्या शर्यतींत चर आडवा येईल, हें त्याला ठाऊक असतें.

पुढच्या स्वाराला गांठून मागें टाकणें हें या खेळांतील सर्वांत अवघड काम. गाडी डावीकडे झुकली म्हणजे तिचीं चाकें स्वाराच्या शरीराच्या उजवीकडे, बाहेरच्या अंगाला राहतात. याचा परिणाम असा कीं आंतल्या स्वाराचे फिरते खिळे बाहेरच्या स्वाराच्या गुडघ्याच्या व खांद्याच्या अगदीं समोर येतात. बाहेरून पुढें जाऊं पाहणारा मनुष्य या खिळ्यांशेजारून जातो. आंतून पुढें घुसणारा आपले खिळे दुसऱ्याच्या अंगाजवळ नेतो. म्हणून आरंभाला इतकें महत्त्व असतें. फीत उडतांच खिळे बर्फाला इतके घट्ट धरतात कीं पुढचें चाक वर उचललें जाऊं लागतें. स्वार आपलें सारें अंग हँडलवर टाकून तें खालीं दाबतो. जो प्रथम पहिल्या वळणांत शिरला त्याला मोकळा बर्फ मिळतो. मागच्यांच्या तोंडावर त्याच्या चाकांतून उडणाऱ्या टवक्यांचा मारा होतो.

जी पकड स्वाराला तारते तीच दुसऱ्याला कापूं शकते, ही गोष्ट या खेळांत कोणी लपवीत नाहीं. जागतिक स्पर्धेच्या इंग्रजी नांवांत ‘ग्लॅडिएटर’ हा शब्द घातलेला आहे तो कांहींसा याच जाणिवेनें. मात्र प्राचीन रोमच्या रंगणांत मृत्यु हा खेळाचा भाग होता. येथें तो दूर ठेवण्याची तजवीज केलेली असते. दोन्ही चाकांवर जवळजवळ बर्फापर्यंत पोहोंचणारे मडगार्ड बसविलेले असतात, म्हणजे पडलेल्या स्वारावर दुसऱ्याची गाडी आली तरी उघडे खिळे थेट अंगाला लागण्याचा संभव कमी होतो. एंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी स्वाराच्या मनगटाला बांधलेली असते. तो गाडीवरून फेकला गेला कीं ती ओढली जाऊन एंजिन आपोआप बंद पडतें. धांवपट्टीच्या बाहेरच्या कडेला गवताच्या पेंढ्यांची, हिमाच्या ढिगांची किंवा हवा भरलेल्या गाद्यांची भिंत असते. तरीही हाडें मोडतात आणि जखमा होतात. स्पर्धक हें जाणून उतरतो. आणि शेजारच्या स्वाराला वळणांत हातभर जागा सोडणें हें केवळ नियमाचें पालन नसून आपल्यालाही तशी जागा मिळावी यासाठीं दिलेलें वचन असतें.

गोठलेल्या पाण्यावर गाडी पळविण्याची हौस तशी जुनी आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत स्वीडन, जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत सरोवरें गोठलीं कीं त्यांवर मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यती भरत. दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाला आजचें रूप आलें आणि त्यांत सोव्हिएट युनियननें मोठी आघाडी मारली. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघानें १९६६ मध्यें वैयक्तिक जगज्जेतेपदाची स्पर्धा सुरू केली. तिचा पहिला विजेता गब्द्रखमान कादिरोव हा उरल पर्वताजवळच्या उफा शहराचा. १९६६ पासून १९७३ पर्यंतच्या आठ वर्षांत त्यानें सहा वेळां तें पद मिळविलें. पुढें सेर्गेई ताराबांको यानें १९७५ पासून १९७८ पर्यंत लागोपाठ चार वेळां, आणि निकोलाय क्रास्निकोव यानें २००५ पासून २०१२ पर्यंत लागोपाठ आठ वेळां तें जिंकलें. १९७९ पासून सांघिक जगज्जेतेपदाचीही स्पर्धा सुरू झाली. रशियन स्वारांची ही परंपरा मोडणारे थोडे निघाले. त्यांत १९७० सालचा झेक विजेता अँटोनिन श्वाब, १९८४ व १९८८ सालचा स्वीडिश विजेता एरिक स्टेनलुंड, आणि १९९० सालचा फिनलंडचा यार्मो हिर्वासोया हे होत.

या मालिकेंत एक नांव विशेष लक्ष वेधून घेतें. स्वीडनचा पेर-ओलोफ सेरेनियस १९४८ मध्यें जन्मला. तो प्रथम जगज्जेता झाला १९९५ मध्यें, आणि दुसऱ्यांदां २००२ मध्यें. म्हणजे दुसऱ्या विजयाच्या वेळीं त्याची पन्नाशी उलटून गेली होती, आणि त्याचे कित्येक प्रतिस्पर्धी त्याच्या मुलांच्या वयाचे होते. शरीराचें बळच जर या खेळाचें सर्वस्व असतें, तर हें घडतें ना. बर्फ वाचणें, वाट निवडणें, आणि घेतलेला निर्णय ऐन वळणांत न सोडणें, या गोष्टी वयाबरोबर कमी होत नाहींत. मनुष्यानें त्या जपल्या तर वाढतात.

मात्र या खेळावर अलीकडे दोन संकटें आलीं आहेत. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्यें आंतरराष्ट्रीय महासंघानें रशिया व बेलारूस यांच्या स्वारांना स्पर्धांतून वगळलें. ज्या देशानें या खेळाला सर्वांत अधिक जगज्जेते दिले त्याच्या स्वारांवांचून जगज्जेतेपद ठरूं लागलें. २०२३ मध्यें तें स्वीडनच्या मार्टिन हाराहिल्तुनेन यानें मिळविलें. त्याच्या पराक्रमांत त्यामुळें उणेपणा येत नाहीं; पण प्रत्येकाची प्रत्येकाशीं एकदां गांठ पडावी हें ज्या सामन्याचें तत्त्व, तेथें कांहीं गांठी पडल्याच नाहींत, हेंही खरें. दुसरें संकट हळूहळू येणारें आहे. पृथ्वीवरील हवा तापत चालली आहे, उत्तरेकडील हिवाळे आखूड होत आहेत, आणि उघड्यावरील बर्फाची शाश्वती कमी होत आहे. कृत्रिम बर्फाच्या धांवपट्ट्यांचा आधार आहे. पण त्या थोड्या आहेत, खर्चाच्या आहेत, आणि स्केटिंगपटूंच्या हंगामानंतर उरलेल्या मोजक्या दिवसांपुरत्याच मिळतात. जेथें मुलें गांवच्या गोठलेल्या मैदानावर हा खेळ शिकत, तेथें मैदान गोठलेंच नाहीं तर पुढचे स्वार यावयाचे कोठून, हा खरा प्रश्न आहे.

स्वार आपली पकड आपल्याबरोबर घेऊन येतो. प्रत्येक खिळा त्यानें किंवा त्याच्या सोबत्यानें हातानें बसविलेला असतो. पण तो खिळा रुतावयाचा कशांत, तें त्याच्या हातचें नसतें. हेरेनफेनला किंवा इन्त्सेलला शेवटची शर्यत संपते, एंजिनें बंद होतात, आणि मिथेनॉलचा उग्र वास बराच वेळ छपराखालीं कोंडून राहतो. स्वार टायर उतरवून खिळे तपासावयास बसतात; मोडलेले वेगळे काढतात, बोथट झालेले बाजूला ठेवतात. धांवपट्टीवरचा चरांनीं भरलेला बर्फ पुढें वितळून जातो, आणि नव्या हंगामापूर्वीं त्याच जागेवर पुन्हां पाणी सोडून तें थर थर गोठवावें लागतें.